जातिवंत कुत्रं विकत घ्यावं का?



आमच्या घरी दोन लॅब्रॅडॉर आल्यापासून मला दोन प्रकारचे प्रश्न येतात. स्वाध्यायाला येणाऱ्या वयस्कर बायका विचारतात, "जैनांच्या घरात कुत्री? तीही घरात झोपणारी?" आणि त्यांच्याच सुना मला बाजूला घेऊन विचारतात, "काकू, कुठून घेतलीत? आम्हालाही एक पिल्लू घ्यायचंय." दोघींना एकदमच उत्तर देते. जातिवंत कुत्रं सांभाळायला माझी हरकत नाही. ते विकत घ्यायला आहे.

आमच्याकडे पूर्वी कुत्रं नव्हतं. गल्लीतल्या गावठी कुत्र्यांना भाकरी घालायची, उन्हाळ्यात दारात पाण्याचं भांडं ठेवायचं, एवढाच संबंध. हट्ट धरला नातीनं. तिला लॅब्रॅडॉरच हवं होतं. सूनबाईनं मोबाईलवर जाहिरात शोधली आणि आम्ही तिघी शहराबाहेरच्या एका बंगल्यावर पिल्लं बघायला गेलो.

आठ पिल्लं होती, बघताच उचलून घ्यावीत अशी. त्या गृहस्थांनी दर सांगितला. केनेल क्लबच्या कागदासह 35,000, कागदाशिवाय 22,000. मी विचारलं, कागदाचं पिल्लू वेगळं आणि बिनकागदाचं वेगळं का? ते म्हणाले, "नाही हो, हीच सगळी. कोणतंही घ्या." मी जुनी बी.कॉम. आहे. माझ्या डोक्यात लगेच वजाबाकी झाली. पिल्लू तेच, दूध तेच, शेपटी तीच, मग हे 13,000 कशाचे? आजा-पणज्याचे!

मग मी पिल्लांची आई बघायला मागितली. "आईला बघून काय करणार? पिल्लू बघा ना." दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर. आम्ही पाणी पिऊन परत आलो. नात गाडीत रडली. मी तिला समजावलं नाही, रडू दिलं.

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. आठ पिल्लं, सरासरी 25,000 धरले तरी दोन लाख रुपये. कुत्री साधारण 63 दिवस गाभण राहते आणि वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते. म्हणजे मनात आणलं तर वर्षाला दोन वेतं. जमेच्या बाजूला मोठे आकडे आहेत. खर्चाच्या बाजूला खाणं, लस, डॉक्टर. पण त्या आईच्या शरीराची झीज कुठल्या खात्यात लिहायची? यंत्राचा घसारासुद्धा आपण दरवर्षी लिहितो. तिच्या नावानं वहीत एक ओळही नसते.

सरकारनं 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले आहेत. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीकडून वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही. नियम चांगले आहेत. पण जो आईच दाखवत नाही, त्यानं ते पाळले की नाहीत हे आपण कसं ओळखणार?

पुढे दोन महिन्यांनी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. एक कुटुंब कॅनडाला चाललं होतं. त्यांचे दोन लॅब्रॅडॉर, ब्रुनो सहा वर्षांचा आणि कोको पाच वर्षांची, कुणी घेत नव्हतं. पिल्लांना गिऱ्हाईक असतं, मोठ्या कुत्र्यांना नसतं. त्यातून कोकोची तीन वेतं झालेली, अंग सुटलेलं, आणि दोघं एकमेकांवाचून जेवत नसत. कागद मात्र दोघांचेही होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. आमच्या घरातली पहिली जातिवंत कुत्री ही अशी आली, एक पैसा न देता. नातीला पिल्लू हवं होतं, मिळाले पन्नाशीतले काका-काकू. आठ दिवसांत तिची तक्रार संपली.

आता धर्माचं बोलू. आपण भाद्रपदात दशलक्षणाच्या दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दवाची पूजा करतो. मान सोडायचा तो दिवस. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत, त्यांत कुलमद आणि जातिमद आहेत. कुल म्हणजे बापाकडचा वंश, जाती म्हणजे आईकडचा. कुत्र्याच्या कागदावर नेमकं हेच छापलेलं असतं. कुत्र्याला त्याचा गर्व नसतो बिचाऱ्याला. तो मद मालकाचा, आणि त्या मदाची किंमत 13,000. त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की धर्मानं कुत्रासुद्धा देव होतो आणि पापानं देवसुद्धा कुत्रा होतो. जीवंधरकुमाराची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्यानं णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षदेव झाला. कुत्र्याची जात कोणती होती, हे काही जीवंधरानं विचारलं नव्हतं.

वयस्कर बायकांचा आक्षेपही खोटा नाही. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे आहेत. त्यांत जिवंत प्राण्यांचा व्यापार येतो, तसंच कुत्री-मांजरं असे प्राणी पोसणंही येतं. मला वाटतं, व्यापाराचा निषेध आजच्या पिल्लांच्या बाजाराला जसाच्या तसा लागू पडतो, आणि गिऱ्हाईक हा व्यापाराचा अर्धा भाग असतो. पोसण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शिकारीसाठी किंवा कमाईसाठी पोसणं वेगळं आणि टाकून दिलेल्या जिवाला आसरा देणं वेगळं. आपल्या पांजरपोळी दुसऱ्या भावनेवरच उभ्या आहेत.

आमचे हे म्हणाले होते, घ्यायचंच तर मुधोळ घेऊ, आपल्या शेजारचं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली होती. 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. अभिमान वाटावा असंच आहे. पण ते धावण्यासाठी आणि शिकारीसाठी घडवलेलं जनावर. त्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बांधून ठेवून आपण कोणती परंपरा राखणार?

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. माझ्या मते घरात कुत्रं असलेल्या प्रत्येकीनं ही यादी स्वयंपाकघरात लावावी. दिवसभर गॅलरीत साखळीला बांधणं हा बंध. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणं हा वध. दिसायला छान म्हणून कान-शेपूट कापणं हा छेद. वेतामागून वेत घेणं हे अतिभारारोपण. आणि पाचवा अतिचार तर आपल्याच घरात नकळत घडू शकतो. आम्ही चौविहार पाळतो, पण रात्री कुत्र्यांच्या पाण्याचं भांडं उचलत नाही. नियम मी घेतला आहे, त्यांनी नाही. त्यांचं जेवण मात्र सूर्यास्ताआधी उरकतं. त्याची सवय त्यांना आपोआप लागली.

जेवणाचं विचाराल तर, दोघं पूर्वी मांस खात होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीड महिन्यात हळूहळू बदल केला. कुत्रं धान्य पचवू शकतं. मांजराचं तसं नाही, मांसातले काही घटक त्याला लागतातच, म्हणून मांजर आणायच्या आधी दहादा विचार करा. आमच्याकडे भात, मुगाची डाळ, लाल भोपळा, पनीर, दही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तयार शाकाहारी खाद्य असतं. वजन आणि रक्त वेळोवेळी तपासतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, तो प्रश्न आपल्याकडे मुळातच नाही! पण मनुका आणि द्राक्षंही विषारी आहेत, तेव्हा खीर झाकून ठेवा. लॅब्रॅडॉर सदा भुकेला. या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत भूक न शमण्याचा जनुकीय दोष असतो, असं संशोधनात आढळलं आहे. डोळ्यांकडे बघून वाढू नका, मापानं वाढा.

एका गोष्टीवर आमच्या मंडळात अजून मतभेद आहेत. कोकोचं गर्भाशय आम्ही शस्त्रक्रिया करून काढलं. हा छेद नव्हे का, असं एक बाई म्हणाल्या. माझं उत्तर असं: वाढत्या वयात कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. शोभेसाठी कापणं आणि जीव वाचवायला कापणं यांत मला तरी फरक दिसतो. त्यांना तो पटला नाही. आम्ही अजून शेजारी बसूनच स्वाध्याय करतो.

घरी महाराजांच्या आहारासाठी चौका लागतो त्या दिवशी दोघं पुतण्याच्या शेतावर जातात. शुद्धीचे नियम आम्ही सोडलेले नाहीत. तेवढी सोय नसेल तर कुत्रं आणूच नका, गल्लीतल्यांना भाकरी घाला. तेही पुण्यच आहे.

आणि आणायचंच असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, कुणी कुत्रं सोडून चाललंय का. हल्ली असतंच कुणीतरी. तरीही पिल्लूच विकत घ्यायचं ठरलं, तर पैसे काढायच्या आधी तीन गोष्टी मागा: नोंदणीचा दाखला, पावती आणि पिल्लांची आई. पहिल्या दोन कागदी आहेत, खोट्याही असू शकतात. आईच्या अंगावर तिची सगळी वेतं वाचता येतात. आपणही बाळंतपणं काढलेल्या बायका आहोत, आपल्याला ती वाचायला कागद लागत नाही.

जय जिनेंद्र.