धान्याच्या गाडीला बंदुकीची राखण

सोमालियातलं बायडोआ हे तिकडचं ज्वारीचं आगर. आपलं मंगळवेढा जसं, तसंच. तिथला शेतकरीही ज्वारी जमिनीतल्या पेवात साठवतो. तरीही १९९२ साली माणसं अन्नावाचून सर्वांत जास्त मेली ती याच भागात. पाऊस कमी पडला हे खरं, पण ते अर्धंच कारण. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि टोळ्यांच्या फौजांनी येता-जाता पेवं फोडली, जनावरं नेली. बियाण्यालाही दाणा राहिला नाही.

बाहेरून धान्य आलं, पण रस्त्यात ट्रक लुटले जात, नाहीतर राखणीचे पैसे टोळीवाल्यांनाच मोजावे लागत. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडं तांबडी मिलो आली, सुकडी वाटली गेली. ती गावात पोचवायला पलटण लागली नव्हती.

डिसेंबर १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव करून बळ वापरायची मुभा दिली. अमेरिकेच्या पुढाकारानं फौजा उतरल्या, गाड्या चालू झाल्या. राखणीचा उपयोग होतो, हे इथं मान्यच करायला हवं. बिघडलं पुढं. जून १९९३ मध्ये मोगादिशूत २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले, आणि राष्ट्रसंघाची फौज सरदार आयदीदच्या मागं लागली. ऑक्टोबरात १८ अमेरिकन सैनिक पडले. धान्य राहिलं बाजूला.

याच सुमारास भारताची ६६ वी ब्रिगेड बायडोआ भागात गेली. तिच्यात महार रेजिमेंटचे जवान होते. आपल्या जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमाचा स्तंभ एकेकाळी याच रेजिमेंटच्या बिल्ल्यावर होता. या ब्रिगेडनं गाड्या राखल्या, विहिरी खोदल्या, आणि मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे जनावरांवर उपचार केले. उंट-शेळी जगली तर कुटुंब पुढच्या पावसापर्यंत तग धरतं. किंमतही मोजली. ऑगस्ट १९९४ मध्ये सात जवान घातपाती हल्ल्यात गेले, आणि त्याच महिन्यात बायडोआत तीन भारतीय डॉक्टर.

आमच्या खात्यातला माणूस आणखी एक गोष्ट बघतो. फुकटचं धान्य सुगीतही येतच राहिलं की गावच्या ज्वारीचा भाव पडतो. आडतीवर माल घातलेल्याला हे समजावून सांगायला नको. म्हणजे पलटणीनं राखलेली गाडी वेळ चुकली तर पेरणाऱ्यालाच मारते.

सुदानात आज हाच प्रश्न आहे. दार्फूरमधल्या शांतिसेनेची मुदत डिसेंबर २०२० ला संपली, एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं, ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. पुन्हा फौज पाठवा, अशी मागणी होते. पाठवायची तर तिला फक्त रस्ता राखायचं काम द्यावं, सरदार पकडायचं नको. आणि तिकडं ज्वारी-बाजरीची पेरणी जून-जुलैत होते, तेव्हा पहिल्या गाड्यांत बियाणं किती आणि जनावरांचे डॉक्टर किती, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं.