गुण बुद्धीचे की शाळेचे?

वृद्धापकाळी बुद्धी क्षीण होऊ लागली आहे काय, हे अजमावण्यासाठी तीस गुणांची एक छोटी चाचणी जगभर वापरली जाते. मार्शल फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. तारीख सांगणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, लेखी सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे असे तिचे स्वरूप आहे. २४ हून कमी गुण पडल्यास स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी, असा रूढ दंडक आहे.

परंतु हे गुण नेमके कशाचे? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत अठरा हजारांवर प्रौढांचे गुण तपासले गेले. निदान नऊ वर्षे शिकलेल्यांचा मध्यांक २९, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६, आणि त्याहून कमी शिकलेल्यांचा अवघा २२ निघाला. या शेवटच्या गटातील निदान निम्मी माणसे दंडकाखाली गेली. ती सारीच रुग्ण होती, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत नऊ स्त्रियाही साक्षर नव्हत्या. त्या दशकात ज्यांनी शाळेत जावयाचे, त्या मुली आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आयुष्यभर बाजारहाट तोंडी हिशेबाने चोख करणाऱ्या बाईपुढे कागद-पेन्सिल ठेवून तिच्या बुद्धीचे माप काढणे हा न्याय नव्हे. हरियाणातील बल्लभगड येथे संशोधकांनी १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी घडविली. तीत वाचनाऐवजी परीक्षकाची कृती पाहून डोळे मिटावयाचे असतात.

मात्र दंडक सरसकट खाली आणणे हाही उपाय नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२० साली अल्पशिक्षण हे स्मृतिभ्रंशाच्या जोखमीचेच एक कारण मानले आहे. त्यामुळे ‘अडाणीच आहे, विसरायचीच’ असे म्हणून खरा आजारही दृष्टीआड होण्याचा धोका आहे.

यास्तव गुणांशेजारी वय व शालेय वर्षे नोंदवावीत, गुणांची तुलना तशाच माणसांशी करावी आणि रोजच्या व्यवहारात काय बदल झाला, हे घरच्यांना विचारावे. शाळा नाकारणाऱ्या समाजाने त्याच उणिवेवरून उतारवयात कोणाला मतिमंद ठरवू नये.