धक्का कोण सोसतो? माथेरानची रिक्षा, तुमची गाडी आणि आपला मणका



"डॉक्टर, माथेरानला जाऊन आल्यापासून आईची कंबर धरली आहे." कर्जतच्या माझ्या दवाखान्यात असं सांगत दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. मागे एक सत्तरीच्या आजी आल्या होत्या. त्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या होत्या. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि त्यांच्या पाठीत कळ गेली. एक्स-रे काढला, तर पाठ आणि कंबर जिथे मिळतात तिथला एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. हाडं आधीच ठिसूळ होती, त्यात हा धक्का.

मुलाला वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "मला पुढे काहीच जाणवलं नाही. गेल्याच महिन्यात मोठी चाकं टाकून घेतली होती, गाडी आरामात चालावी म्हणून."

आजचा लेख त्या वाक्यावर आहे. गाडी आरामात चालावी असं सगळ्यांनाच वाटतं आणि त्यासाठी लोक बराच पैसाही घालतात. पण धक्का असा हवेत विरून जात नाही, तो कुणाला तरी पचवावा लागतो. थोडा टायर पचवतो, थोडा स्प्रिंग पचवते, थोड्याची शॉकअप उष्णता करून टाकतो. जो उरतो तो माणसाच्या अंगात जातो. म्हणून गाडीवर खर्च करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: उरलेला धक्का कुणाच्या वाट्याला येणार?

शरीराचे शॉकअप

निसर्गाने आपल्यालाही शॉकअप दिलेले आहेत. टाचेखाली चरबीची गादी आहे. गुडघ्यात दोन गाद्या आहेत, त्यांना मेनिस्कस म्हणतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते आणि या सगळ्यांभोवती स्नायू असतात. आपण चालतो, उडी मारतो, जिना उतरतो तेव्हा हे सगळे मिळून धक्का वाटून घेतात.

पण बसलेल्या माणसाचे पाय या कामातून सुटतात. सीटचा धक्का खुब्यातून थेट मणक्यात जातो. शिवाय मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो आणि मेनिस्कसच्या आतल्या भागालाही नसतो. त्यामुळे तिथली झीज सहजासहजी भरून येत नाही. गाडीचा शॉकअप खराब झाला तर गॅरेजमध्ये नवा मिळतो. चकतीचं तसं नाही.

धक्का किती मोठा यासोबत तो किती वेगाने पुन्हा पुन्हा येतो, हेही महत्त्वाचं असतं. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वरखाली हललं तर ते कंपन शरीराला सगळ्यात जास्त बाधतं, कारण त्या लयीत पाठीचा कणा आणि पोटातले अवयव स्वतःच जास्त हलू लागतात. चांगल्या मोटारीची स्प्रिंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हलेल अशी ठेवलेली असते. ही लय शरीराला सोसते. स्प्रिंग कडक केली की गाडी या सोसणाऱ्या लयीपासून दूर सरकते.

हा फक्त आरामाचा प्रश्न मानू नका. ट्रक, बस, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे जगभर दिसून आलं आहे. युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी कंपनाची मर्यादाच ठरवून दिली. आठ तासांच्या कामात अंगावर येणारं कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर ते जाऊच द्यायचं नाही. म्हणजे धक्का हा तिथे आरोग्याचा आणि मालकाच्या जबाबदारीचा विषय आहे.

माथेरानचा धक्का कुणाच्या गुडघ्यात?

आता माथेरानकडे येऊ. तुमची गाडी कितीही भारी असली तरी ती दस्तुरी नाक्यावर थांबते. त्यापुढे मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका हा त्याला असलेला अपवाद. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. दस्तुरीपासून पुढे चालत, घोड्यावर, छोट्या गाडीने किंवा हातरिक्षाने जायचं, ही इथली कित्येक वर्षांची रीत.

हातरिक्षात बसलेल्या माणसाला प्रवास संथ आणि बरा वाटतो. पण डॉक्टर म्हणून मी सीटकडे बघत नाही, रिक्षाच्या पुढे-मागे असलेल्या पायांकडे बघतो. एकजण पुढे ओढतो, बाकीचे मागून ढकलतात. चढावर छाती फुलते हे सगळ्यांना दिसतं, उतार मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. उतारावर या गाडीचा ब्रेक म्हणजे माणसाच्या मांडीचे स्नायू. स्नायू ताणला जात असतानाच त्याने जोर लावून गाडी रोखायची. स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर सगळ्यात जास्त भार या प्रकारच्या कामात येतो. त्यात लाल मातीचा रस्ता, पावसाने उघडे पडलेले दगड आणि हातात दोन माणसांचं वजन.

म्हणजे बसणाऱ्याला धक्का लागत नाही, कारण तो दुसऱ्याचे गुडघे पचवत असतात. हे मला डॉक्टर म्हणून मान्य होत नाही आणि माणूस म्हणूनही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा द्या आणि त्या आधी खऱ्या हातरिक्षावाल्यांना द्या, असंही सांगितलं. ई-रिक्षांचा पहिला प्रयोग इथे डिसेंबर २०२२ मध्ये झाला होता. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली, मात्र आतल्या पायवाटांवर ते नकोत, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं.

माझा या निर्णयाला पाठिंबा आहे. पण इथे थांबून चालणार नाही.

ई-रिक्षा आली म्हणजे धक्का गेला का?

नाही. तो ओढणाऱ्याच्या गुडघ्यातून निघून बसणाऱ्याच्या आणि चालवणाऱ्याच्या कण्यात जाऊ शकतो.

ई-रिक्षाची चाकं लहान असतात. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात लहान चाक खोल उतरतं. दुसरं म्हणजे, हलक्या वाहनाची स्प्रिंग पूर्ण भरलेल्या गाडीच्या हिशेबाने कडक ठेवावी लागते. मग त्यात एकटी गरोदर बाई किंवा एकटे आजोबा बसले की तीच स्प्रिंग फारशी दबत नाही आणि धक्का तसाच वर येतो. चालवणारा तर दिवसभर त्याच सीटवर असतो. काल गुडघे झिजवणाऱ्या माणसाला आज कंबरेचं दुखणं द्यायचं, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ई-रिक्षा किती आणि कुणाला यावर जेवढी चर्चा होते, तेवढीच ती कशी असावी यावरही व्हावी. शॉकअप आणि टायर ठरावीक मुदतीत तपासले जावेत. चालकाच्या सीटला चांगली गादी आणि पाठीला टेकू असावा. निदान एका गाडीत रुग्णाला आडवं नेता येईल अशी सोय असावी, कारण खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीला बसवून नेणं म्हणजे तिचे हाल करणं आहे. आणि ब्लॉक बसवले की काम संपलं असं होऊ नये. एक ब्लॉक खचला की तिथे प्रत्येक फेरीला प्रत्येक माणसाला तोच धक्का बसतो.

घोडेवाल्यांची तक्रारही मी बाजूला सारणार नाही. गुळगुळीत ब्लॉकवर नाल मारलेला खूर घसरतो, असं ते सांगतात आणि ते समजण्यासारखं आहे. माणसाचा धक्का वाचवताना तो घोड्याच्या पायात घालायचा नसेल, तर रस्त्याच्या कडेला मातीची पट्टी राखायला हवी.

आता तुमची गाडी

हवा भरलेल्या टायरचा एक किस्सा सांगतो. १८८८ साली त्याचं पेटंट घेणारे जॉन बॉइड डनलॉप हे पेशाने जनावरांचे डॉक्टर होते. बेलफास्टमध्ये राहत असताना आपल्या मुलाची तीनचाकी सायकल कमी आदळावी म्हणून त्यांनी चाकावर हवेची नळी बसवली. त्यांच्याही आधी रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण ते तेव्हा चाललं नाही. सांगायचा मुद्दा असा की टायरमधली हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि आपण नेमकी तीच विसरतो. म्हणून पैसे खर्च करायचे तर या क्रमाने करा.

१. हवा. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. टायर थंड असताना मोजा. जास्त हवा भरली की टायर दगडासारखा होतो. आराम मिळावा म्हणून हवा फार कमी करणंही घातक आहे, टायर तापतो आणि फुटू शकतो.

२. टायर. आकार उगाच बदलू नका. १८५/६५ आर १५ या टायरची रबरी भिंत साधारण १२० मिलिमीटर उंच असते. त्याऐवजी २०५/४५ आर १७ घातला तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण भिंत ९२ मिलिमीटर होते. म्हणजे धक्का पचवणारं रबर आणि हवा यांतले जवळजवळ तीन सेंटिमीटर गेले आणि त्या जागी धातू आला. आजींच्या मुलाने पैसे देऊन नेमकं हेच करून घेतलं होतं.

३. शॉकअप आणि बुश. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबायला हवी. डुलत राहिली, शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं किंवा टायर जागोजागी झिजला असेल, तर शॉकअप बदला, तेही जोडीने. ही चाचणी ढोबळ आहे, खात्री गॅरेजमध्येच करून घ्या.

४. स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर. गाडीची उंची वाढते, पण स्प्रिंग कडक होते. घरात म्हातारी माणसं असतील तर मी ते घालू नका असंच सांगेन.

५. वेग. हा उपाय फुकट आहे. खड्ड्यापाशी आणि गतिरोधकापाशी वेग कमी करणं हा सगळ्यात मोठा शॉकअप. तो चालकाच्या उजव्या पायात असतो.

कुणाला कुठे बसवायचं?

ठिसूळ हाडांचे, नुकतंच ऑपरेशन झालेले आणि गरोदर बायका यांना मागच्या चाकावर येणाऱ्या सीटवर बसवू नका. गाडीत पुढची सीट आणि बसमध्ये दोन चाकांच्या मधली सीट बरी. कंबर सीटला पूर्ण टेकवा, मागे छोटी उशी ठेवा, पट्टा लावा आणि तासाभराने उतरून चार पावलं चाला.

आणि धक्का बसल्यावर वयस्कर माणसाच्या पाठीत अचानक कळ आली, उभं राहिल्यावर ती वाढत असेल, तर चोळू नका, कुणाकडून झटका मारून घेऊ नका, एक्स-रे काढा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा.

आजी आता बऱ्या आहेत. हाडांसाठी औषध चालू आहे, काठी घेऊन फिरतात. मुलाने जुनी चाकं परत बसवली. पुन्हा माथेरानला जायचं म्हणतात. मी हो म्हटलंय, एका अटीवर: आजी पुढे बसतील आणि गाडी चालवणारा मागच्या सीटवर एक फेरी आधी स्वतः मारून बघेल.

तुम्हीही या रविवारी एवढं करा. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसा आणि नेहमीच्या रस्त्यावरून दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा. धक्का कुणाच्या वाट्याला जातो, ते दहा मिनिटांत कळेल.

काळजी घ्या.