पहिली रात्रपाळी आणि परिचारिकांचे समूह

परीक्षा उत्तीर्ण झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले गेले, अंगावर गणवेश चढला की घरच्यांना वाटते, मुलगी मार्गी लागली. वसई-मुंबईतील आपल्या धर्मग्रामांतून अनेक मुली, आणि अलीकडे मुलगेही, या सेवेत जातात. परंतु नोकरीचे पहिले वर्ष कसे जाते, याची चर्चा आपल्या घरांत क्वचितच होते.

अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली एका ग्रंथाद्वारे या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. शिकताना पाठीशी शिक्षिका उभी असते. नोकरीत पाठीशी कोणी नसते आणि समोरच्या खाटा मात्र वाढतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकानुसार अध्यापन रुग्णालयांच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक व अन्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीला हा दंडक किती पाळला जातो, हे आप्ताच्या उशाशी रात्र काढलेल्या प्रत्येकाने स्वतःच मोजलेले असेल.

अशा वेळी एकाच तुकडीतून बाहेर पडलेल्या मुली मोबाइलवर समूह करून परस्परांना धरून राहतात. मोबाइलचा राग करण्याची आमच्या पिढीला सवय आहे. येथे तो आवरलेला बरा. शीर सापडेना म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांचे बोलणे खाल्ले, इन्चार्ज सिस्टर सर्वांदेखत ओरडल्या, आपल्या हाताखालचा पहिला रुग्ण दगावला: हे आईला सांगता येत नाही, ती घाबरेल. पहाटे तीन वाजता जागी असते ती दुसऱ्या रुग्णालयातली मैत्रीणच. ‘माझेही असेच झाले’ या तिच्या एका ओळीने पुढच्या पाळीला जाण्याचे बळ येते. ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत काम करताना एकाकी पडलेल्या टेरेसा चिन या परिचारिकेने २०१२च्या सुमारास ट्विटरवर ठरल्या वेळी परिचारिकांच्या चर्चा सुरू केल्या, त्याही याच गरजेतून.

मात्र या समूहांवर काय सोपवू नये, तेही स्पष्ट म्हटले पाहिजे. औषधाच्या मात्रेची शंका तेथे विचारली की पाच उत्तरे येतात आणि जबाबदारी एकीचीही नसते. ती शंका ड्यूटीवरील ज्येष्ठ सिस्टरला किंवा डॉक्टरांनाच विचारावी, मग त्या कितीही खेकसोत. रुग्णाचा केसपेपर किंवा जखमेचे छायाचित्र समूहात टाकणे, नाव झाकले तरीही, त्याच्या विश्वासाचा भंग आहे.

आम्हांला अधिक काळजी वाटते ती व्यवस्थापनांची. मुली आपापसांत सावरतात, मग वेगळी व्यवस्था कशाला, असा सोयीस्कर विचार होऊ शकतो. २०२२ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने नवोदित परिचारिकांसाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यात प्रत्येकीला एक अनुभवी मार्गदर्शक आणि त्या दोघींसाठी कामाच्या वेळातून राखून ठेवलेला वेळ अपेक्षित आहे. वेळ राखणे म्हणजे पाळीवर एक माणूस जास्त नेमणे, अर्थात पैसा. सूचनाफलकावर ‘ज्येष्ठांशी आदराने वागा’ असे लिहिण्यापेक्षा ते महाग पडते. आपल्या धर्मसंघांच्या रुग्णालयांनीही हा खर्च टाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दरम्यान एक गोष्ट विनाखर्च होऊ शकते. नवोदितांच्या समूहात बहुधा सगळ्याच नवख्या असतात. धीर देणाऱ्या पुष्कळ, वाट ठाऊक असलेली एकही नाही. महापालिकेच्या रुग्णालयांत तीस-तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या सिस्टर आपल्या धर्मग्रामांत आहेत. प्रत्येक समूहाने अशा एकीला बोलावून घ्यावे. पाळ्यांची सवय अंगात इतकी मुरलेली असते की त्यांतल्या बऱ्याच जणींना पहाटे चारला अजूनही आपोआप जाग येते.