विश्लेषण : क्रूझच्या ऐनवेळच्या सवलतीसाठी विमानाचे तिकीट आधी काढणे कितपत शहाणपणाचे?

विमानाचे भाडे प्रवासाची तारीख जवळ येईल तसे चढते. क्रूझच्या केबिनचे भाडे मात्र कित्येकदा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत उतरते. या दोन उलट्या वाटांवरून परदेशी पर्यटकांत एक क्लृप्ती रूढ झाली आहे. विमानाचे तिकीट स्वस्त असताना आधीच काढून ठेवायचे आणि जहाजावरची केबिन ऐनवेळी सवलतीत पटकवायची. मायामी, बार्सिलोना, सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझकडे वळलेल्या भारतीय कुटुंबांनाही या गणिताची भुरळ पडते आहे. ते जमले तर मोठी बचत होते. फसले तर हाती उरते फक्त विमानाचे तिकीट.

क्रूझचे भाडे शेवटी का उतरते?

क्रूझची केबिन सहसा थोडी अनामत भरून राखून ठेवली जाते. उरलेली सर्व रक्कम जहाज सुटण्याच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी भरावी लागते. नेमकी मुदत कंपनी आणि सफरीच्या लांबीवर ठरते. या तारखेपर्यंत अनेकांचे बेत बदलतात आणि अनामत परत मिळते तोवर ते नोंदणी रद्द करतात. त्यामुळे अंतिम भरण्याची मुदत संपली की एकदम बऱ्याच केबिन मोकळ्या होतात. ऐनवेळच्या सवलतीचा खरा हंगाम इथून सुरू होतो.

रिकामी केबिन घेऊन जहाज सोडणे कंपनीला परवडत नाही. प्रवाशाने भरलेले भाडे हा तिच्या कमाईचा एक भाग. मद्य, कॅसिनो, इंटरनेट, बंदरावरच्या सहली, खास रेस्तराँ यांतून येणारा पैसा मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे निम्म्या भाड्यात आलेला प्रवासीही जहाजावर खर्च करतोच, रिकामी केबिन काहीच करत नाही. त्यामुळेच या जहाजांची भरणा टक्केवारी अनेकदा शंभरच्या वर दिसते. एका केबिनमागे दोन माणसे धरून ती मोजतात, तिसरे-चौथे माणूस आले की आकडा शंभर ओलांडतो.

मग सवलत हमखास मिळते का?

नाही, आणि पूर्वीपेक्षा तर नाहीच. करोनानंतर क्रूझचा व्यवसाय झपाट्याने सावरला. या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे ‘क्लिया’च्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख लोकांनी सागरी क्रूझ केली होती, २०२४ मध्ये ही संख्या ३ कोटी ४६ लाखांवर गेली. जहाजे आधीच भरू लागली की शेवटी विकायला फारसे उरत नाही. शिवाय भाडे ऐनवेळी पाडले की आधी पूर्ण पैसे मोजलेले प्रवासी चिडतात आणि पुढच्या वेळी तेही थांबून पाहू लागतात. ही सवय मोडण्यासाठी रॉयल कॅरिबियनने २०१५ मध्येच उत्तर अमेरिकेत ऐनवेळच्या सवलती थांबवण्याचे धोरण जाहीर केले होते.

सवलत उरते ती ठरावीक ठिकाणी. शाळांच्या सुट्ट्या नसलेल्या आठवड्यांत, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये, जुन्या जहाजांवर, आणि हंगाम बदलताना युरोपहून कॅरिबियनकडे किंवा उलट निघणाऱ्या लांबलचक सफरींवर. भारतीय कुटुंबे निघतात ती बहुधा मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात. आणि त्यांना हवी असते ती शेजारशेजारच्या दोन बाल्कनी केबिनची सोय. यांपैकी काहीही शेवटच्या महिन्यात स्वस्तात सापडणे कठीण. ऐनवेळी स्वस्त मिळते ती बहुधा ‘गॅरंटी’ केबिन. तिचा प्रकार ठरलेला असतो, पण क्रमांक आणि जागा कंपनी ठरवते. आजी-आजोबा एका टोकाला आणि नातवंडे दुसऱ्या टोकाला, अशीही वाटणी होऊ शकते.

विमानाचे तिकीट आधी काढण्याचा फायदा किती?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या एका जोडप्याला बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ करायची आहे. पाच महिने आधी मुंबई-बार्सिलोना परतीचे भाडे माणशी ७० हजार रुपये आहे आणि केबिन माणशी ९० हजार. दोन्ही तेव्हाच घेतले तर दोघांचा खर्च ३ लाख २० हजार. दोन्हींसाठी थांबले आणि केबिन ६० हजारांवर उतरली, पण विमान १ लाख ५ हजारांवर चढले, तर खर्च ३ लाख ३० हजार. म्हणजे केबिनवर वाचले त्याहून जास्त विमानावर गेले. विमान आधी आणि केबिन नंतर घेतली तर खर्च २ लाख ६० हजार. वाचलेले ६० हजार डोळ्यांत भरतात.

पण याच जोडप्याला हवी ती केबिन मिळालीच नाही तर? किंवा मिळाली ती सफर परतीच्या विमानानंतर दोन दिवसांनी संपणारी असेल तर? १ लाख ४० हजारांचे तिकीट पणाला लागते. वाचणारी रक्कम आणि अडकणारी रक्कम यांची तुलना केली तर हा सौदा तीनपैकी दोनदा साधला तरी तिसऱ्या वेळी झालेले नुकसान आधीचा बहुतेक फायदा धुऊन नेते. या हिशेबात ‘ओरिजिनल भाडे अमुक, आता फक्त तमुक’ अशा जाहिरातींनाही फार वजन देऊ नये. बंदर कर आणि दररोज माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास आकारली जाणारी बक्षिसी मिळवल्यावर खरा आकडा कळतो.

तिकीट रद्द केले तर किती परत मिळते?

बहुतेक स्वस्त तिकिटांवर मूळ भाडे परत मिळत नाही. भारतात डीजीसीएच्या नियमांनुसार रद्द शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सरकारी कर व विमानतळ शुल्क परत द्यावेच लागतात. पण ती रक्कम तिकिटाच्या मानाने किरकोळ असते. ‘बदल शुल्क शून्य’ असे लिहिलेल्या तिकिटावरही नव्या तारखेच्या भाड्यातला फरक भरावाच लागतो, आणि तो कधी कधी नव्या तिकिटाएवढा निघतो.

अमेरिकेत प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलेले तिकीट २४ तासांत विनाशुल्क रद्द करण्याची किंवा तेवढा वेळ भाडे राखून ठेवण्याची सोय विमान कंपन्यांना द्यावी लागते. भारतातही डीजीसीएच्या नियमांत अशी २४ तासांची मुभा होती. ती ४८ तासांवर नेण्याचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये काढण्यात आला. या मुदतीचा उपयोग थांबून पाहण्यासाठी होत नाही, मात्र एका कामासाठी ती उत्तम आहे. केबिनची सवलत दिसली की आधी विमानाचे तिकीट काढायचे, त्याच दिवशी केबिन पक्की करायची आणि ती हुकली तर तिकीट लगेच रद्द करायचे.

दुसरी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. क्रूझ कंपनीने सफर रद्द केली तर ती क्रूझचे पैसे परत करते. विमान ठरल्या वेळी उडणार असल्याने विमान कंपनी काहीही देणे लागत नाही. सिंगापूरहून १५ डिसेंबर २०२५ रोजी निघणारी ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ या नव्या जहाजाची पहिली सफर जहाजबांधणी लांबल्याने १० मार्च २०२६ वर ढकलली गेली. मधल्या सगळ्या सफरी रद्द झाल्या. क्रूझची पूर्ण परतफेड आणि पुढील नोंदणीवर सवलत, असे पर्याय प्रवाशांना मिळाले. पण नाताळाच्या सुट्टीची विमाने धरून बसलेल्यांना सुट्टी तर हलवता येत नव्हती. आणि हे केबिन पक्की असलेल्यांचे झाले.

भारतीय पासपोर्टमुळे गणित का बदलते?

ही क्लृप्ती जन्मली ती अमेरिकी आणि ब्रिटिश पर्यटकांत. कॅरिबियन बेटांवर किंवा भूमध्य समुद्रात जायला त्यांना बहुधा व्हिसा लागत नाही. भारतीय पर्यटकाचा तिसरा खेळाडू इथेच मैदानात येतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते उशिरात उशिरा १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत. अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळायला लागणारे दिवस वेगळेच, आणि उन्हाळ्यात ते बरेच असतात. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा आणि राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. क्रूझवर राहणाऱ्याचा पुरावा म्हणजे केबिनची नोंदणी. म्हणजे व्हिसासाठी केबिन आधी हवी, आणि केबिन तर शेवटी घ्यायची आहे! विमानाचे पैसे भरलेले तिकीट मात्र व्हिसासाठी सहसा लागत नाही, आरक्षणाची नोंद पुरते. व्हिसा नाकारला गेला तर तिकिटाचे पैसे त्या कारणाने परत मिळतीलच असेही नाही.

जहाजाचा मार्गही पाहावा लागतो. बार्सिलोनाहून निघून इटली, फ्रान्स करून परत येणारी सफर शेंगेनमध्येच राहते. क्रोएशियाही जानेवारी २०२३ पासून त्यात आहे. पण वाटेत तुर्किये किंवा माँटेनेग्रो असेल तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येते आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अपुरा पडतो. कागद अपुरे असल्यास काय होते, हे एप्रिल २०२४ मध्ये बार्सिलोनात दिसले. ब्राझीलहून आलेल्या ‘एमएससी आर्मोनिया’वरील बोलिव्हियाच्या ६९ प्रवाशांकडे वैध शेंगेन व्हिसा नसल्याचे आढळले आणि सुमारे दीड हजार प्रवाशांसह जहाज बंदरातच अडकून पडले.

त्यामुळे ऐनवेळच्या सवलतीचा खरा लाभ घेऊ शकतात ते व्हिसा आधीच हाती असलेले लोक. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असलेले, किंवा एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी लागू झालेल्या सवलतीतून दोन वर्षांचा बहुप्रवेश शेंगेन व्हिसा मिळालेले. तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरलेल्यांना तो मिळू शकतो.

तरीही विमान आधी काढायचे तर काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे शहर. जिथून आठवड्याला एकच जहाज सुटते तिथले तिकीट आधी काढणे हा जुगार आहे. मायामीच्या बंदरातून २०२४ च्या आर्थिक वर्षात ८२ लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी गेले-आले. शेजारचे फोर्ट लॉडरडेल साधारण ४५ किलोमीटरवर आहे. एका विमान तिकिटात दोन मोठी बंदरे हाताशी येतात. एक जहाज हुकले तर दुसरे मिळण्याची शक्यता तिथे खरी असते. बार्सिलोना किंवा सिंगापूरचेही तसेच, आणि केबिन अजिबात मिळाली नाही तर ही शहरे आठवडाभर पाहण्यासारखी आहेत. केबिन न मिळाल्यासही सुट्टी वाया जाऊ नये, एवढी तजवीज ज्यांना चालेल त्यांनीच हा मार्ग धरावा.

दुसरी म्हणजे दिवसांची मोकळीक. सात रात्रींच्या सफरीसाठी नेमके आठ दिवसांचे तिकीट काढले तर एकच जहाज जुळते. दहा-बारा दिवसांचे काढले तर चार-पाच जहाजे जुळू शकतात आणि आदल्या दिवशी पोहोचण्याची सोयही राहते. ही सोय चैनीची नाही. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी चढण्याचे दार बंद होते आणि विमान उशिरा आले म्हणून जहाज थांबत नाही. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा भारतातल्या भारतात जोडविमान गाठणेही अनेकांना अशक्य झाले होते. जहाज तर आपल्या प्रवाशांसाठीही थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी मागे राहिले आणि त्यांना अनेक देश ओलांडून सेनेगलमध्ये जहाज गाठावे लागले. अमेरिकी बंदरांत तर आणखी एक अडचण आहे. १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजांवर दोन अमेरिकी बंदरांदरम्यानच्या प्रवासाला निर्बंध असल्याने चुकलेले जहाज पुढच्या अमेरिकी बंदरात गाठता येईलच असे नाही.

जाण्याचे विमान सोडून फक्त परतीचे वापरू, हा विचारही महागात पडतो. पहिल्या उड्डाणाला हजर न राहिल्यास बहुतेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे रद्द करतात.

तिसरी गोष्ट हक्कांची. विमान आणि क्रूझ एकाच आयोजकाकडून पॅकेज म्हणून घेतले तर युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशासारख्या कायद्यांखाली संपूर्ण सहलीची जबाबदारी त्या आयोजकावर येते. मोठ्या क्रूझ कंपन्याही स्वतःमार्फत विमानाची तिकिटे देतात. विमानाला उशीर झाला तर प्रवाशाला जहाजापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था त्या करतात. ही तिकिटे कधी थोडी महाग पडतात. वेगवेगळी खरेदी केल्यास प्रत्येक कंपनी फक्त आपल्या तुकड्यापुरती बांधील असते. प्रवास विम्यातही केबिन मनासारख्या भावात मिळाली नाही, या कारणाला जागा नसते.

ही सवलत मुळात कोणासाठी असते?

बंदराजवळ राहणाऱ्यांसाठी. फ्लोरिडातले निवृत्त जोडपे मंगळवारी जाहिरात पाहून शनिवारी गाडी चालवत बंदरात पोहोचते. न्यू जर्सीतल्या बेयॉन बंदरापासून तासाभराच्या अंतरावर असंख्य मराठी कुटुंबे राहतात, त्यांनाही विमानाचा प्रश्न येत नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत न्यायचे असेल तर त्यांच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे का, एवढे पाहावे लागते.

महाराष्ट्रातल्यांसाठी असे बंदर म्हणजे मुंबई. बॅलार्ड पिअरजवळच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’ने २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करून दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सध्या मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरींचा पर्याय मर्यादित आहे. पण पुणे, नाशिक किंवा ठाण्याच्या कुटुंबाला ऐनवेळी केबिन पटकवायची असेल, तर तिथे ना विमानाचे तिकीट अडकते ना व्हिसा.