भिंत कोणाच्या पैशाने कोरली, हे विचारा



अजिंठ्याची लेणी पाहावयास आपण मुलाबाळांसह जाता. तथागतांच्या मूर्तीपुढे हात जोडता, जातककथांची चित्रे पाहता आणि परत फिरता. परंतु 16 व्या लेण्याच्या ओसरीबाहेर भिंतीवर एक लेख कोरलेला आहे. त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघास दान केले. दान थोर होते, याविषयी वाद नाही. पण त्या लेखात दानाखेरीज आणखी पुष्कळ आहे. वाकाटक राजांच्या पराक्रमाचे वर्णन आहे. स्वतः वराहदेव दान, क्षमा व औदार्य या गुणांनी युक्त असून धर्माने राज्यकारभार करीत होता, हेही वराहदेवाच्याच लेखात सांगितले आहे! कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची मोठी नामावळी हरिषेणाच्या वर्णनात येते.

हा लेख इतिहासाचे अभ्यासक कसा वाचतात, हे समजून घ्या. नामावळीच्या ठिकाणी लेख झिजला आहे आणि वाक्याचे क्रियापद नष्ट झाले आहे. हे देश हरिषेणाने जिंकले होते की त्यांवर त्याचा केवळ प्रभाव होता, यावर विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून ते दुसरे लेख, ताम्रपट आणि नाणी काढून हे वर्णन ताडून पाहतात. हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता लवकरच लयास गेली, हेही ते विसरत नाहीत. प्रशस्ती हा पुरावा असतो खरा. पण सर्वांत आधी तो एवढ्याच गोष्टीचा पुरावा असतो की, खर्च करणाऱ्याला आपण जगापुढे कसे दिसावे असे वाटत होते.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या सचिवाचे शब्द जर असे पारखून घ्यावयाचे, तर आजच्या मंत्र्याचे शब्द आपण डोळे मिटून का घ्यावेत?

वराहदेवाने निदान एक गोष्ट प्रामाणिकपणे केली. त्याने आपले नाव भिंतीवर लिहिले. वाचणाऱ्यास कळते की ही स्तुती कोणी कोरविली. आजची प्रशस्ती मात्र बातमीचा वेष घेऊन येते आणि खर्च करणाऱ्याचे नाव झाकून ठेवते. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण हे नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून त्यांच्या कारभाराचे गोडवे गाणारी पाने प्रसिद्ध झाली. एकच मजकूर, शब्दास शब्द जुळणारा, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत आला, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. तीन निरनिराळ्या लेखण्यांतून एकच वाक्य आपोआप उतरते काय? उमेदवाराने सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता अवघा 5,379 रुपये!

पुढे काय झाले, तेही पूर्ण ऐका. कारण अर्धे सत्य सांगणे हीसुद्धा एक प्रकारची प्रशस्तीच होय. पैसे देऊन बातम्या छापविल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. अशा हिशेबाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगास अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये सांगितले. हिशेब नियमाप्रमाणे दिला नाही, असे म्हणून आयोगाने जुलैत नोटीस काढली. आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. निवडणूक 2009 ची, निकाल 2014 चा. एवढ्या काळात विधानसभेची मुदत सरत आली होती. यावरून आपण काय शिकावे? मत देण्याची वेळ आली असता न्यायालय आपल्या मदतीस धावून येऊ शकत नाही. त्या दिवशी आपल्यापाशी असते ती फक्त आपली स्वतःची बुद्धी.

हा प्रश्न एका नेत्याचा वा एका पक्षाचा नाही. विकतच्या बातम्यांची चौकशी करण्यासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने दोन सभासदांची समिती नेमली. समितीने नावानिशी अहवाल दिला. पण 2010 मध्ये परिषदेने तो मूळ अहवाल बाजूस ठेवून एक संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, तेव्हा कोठे 2011 मध्ये मूळ अहवाल लोकांपुढे आला. ज्या संस्थेने वृत्तपत्रांवर पहारा ठेवावयाचा, तिचे दारही नागरिकाने ठोठावल्यावाचून उघडले नाही!

वृत्तपत्रांचा पैशाशी असलेला संबंध आपणांस नवा वाटू नये. 1920 मध्ये बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. तेव्हा पैसे घेऊनही आपली जाहिरात छापत नसत. आता पैसे घेऊन जाहिरातीलाच बातमी म्हणतात. 1927 मध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ पैशाच्या अभावी दोन-अडीच वर्षांत बंद पडले. 1943 मध्ये पुण्यास न्या. रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते की, ह्या देशातील वृत्तपत्राचा धंदा आता व्यापार झाला असून विभूतिपूजा हे त्याचे मुख्य कर्तव्य झाले आहे. ते आजही खोटे ठरलेले नाही.

आणि आता सर्वांत कठीण गोष्ट. 14 एप्रिल व 6 डिसेंबर रोजी बाबासाहेबांच्या छायाचित्राशेजारी नेत्यांची छायाचित्रे पानेच्या पाने भरून छापली जातात. निळा रंग पाहिला, ‘जय भीम’ हे शब्द वाचले, की आपले मन सैल पडते. मोबाइलवर आलेल्या मजकुराच्या आरंभी ‘जय भीम’ असले, तर तो खरा की खोटा हे न पाहताच आपण तो दहा घरी धाडतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत एक बाजू म्हणाली, संविधान बदलले जाणार. दुसरी बाजू म्हणाली, हा सारा खोटा प्रचार आहे. आपल्यापैकी किती जणांनी अनुच्छेद 368 उघडून पाहिला? घटनादुरुस्तीस संसदेत किती बहुमत लागते, 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणती मर्यादा घातली, हे किती जणांनी वाचले? वाचले असते, तर आपण दोन्ही बाजूंस नेमके प्रश्न विचारले असते. न वाचता एकीकडे भ्यालो किंवा दुसरीकडे निर्धास्त झालो, म्हणजे दोन्ही वेळा दुसऱ्याच्या बुद्धीने चाललो. जी बातमी आपल्याला आवडते, तिचीच पारख अधिक कठोरपणे केली पाहिजे.

कोणी म्हणेल, असा संशय घेत बसलो तर विश्वास कोणावर ठेवावा? बंधू-भगिनींनो, येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्या. विचिकित्सा म्हणजे कशावरच मन न ठरणे. तिची गणना तथागतांनी पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत केली आहे. ‘सगळेच चोर’ असे म्हणून घरी बसणारा मतदार ह्या विचिकित्सेचा बळी होय, आणि चोरांना तोच हवा असतो. चिकित्सा ही तिच्या उलट आहे. केसपुत्त नगरातील कालाम लोकांना तथागतांनी हीच शिकवण दिली: ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, कुशल काय व अकुशल काय हे स्वतः जाणून घ्या आणि मग स्वीकारा वा सोडा. ज्या धम्माने गुरूच्या शब्दालाही पारखण्याची मोकळीक दिली, त्याचा उपासक नेत्याच्या शब्दापुढे मान तुकवील, तर त्याच्या धर्मांतराचा अर्थ काय? जुने देव सोडले आणि नवे देव सभेच्या व्यासपीठावर बसविले, एवढाच ना? राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. जिज्ञासा व वैज्ञानिक दृष्टी वाढविणे हे 1976 च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरले आहे.

तेव्हा प्रत्येक बातमीस चार प्रश्न विचारा. हे कोण सांगतो? ह्याचा खर्च कोणी केला? पुरावा कोठे आहे? आणि मी हे मानले तर लाभ कोणाचा? उमेदवाराचे शपथपत्र उघड असते, त्याचा खर्चाचा हिशेब पाहता येतो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर करता येतो. शाळेत जाणाऱ्या मुलीस शेजारी बसवा, दोन वेगळी वृत्तपत्रे पुढे ठेवा आणि एकच बातमी दोन्हींत वाचावयास सांगा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ह्या कामास अर्धा तास द्या.

पुन्हा अजिंठ्यास जाल तेव्हा 16 व्या लेण्याबाहेरील तो लेख मुलांना अवश्य दाखवा. दानाबद्दल कृतज्ञ राहण्यास त्यांना शिकवा, आणि स्तुती पारखण्यासही शिकवा.