गिऱ्हाईक आणि पाट

गणपतीचा हंगाम संपला, जरा दम घेतला, आणि आता आमच्या जोह्यात पुन्हा साचे बाहेर निघालेत. पुढच्या वर्षीच्या कच्च्या मूर्ती सुकायला लागल्यात. डोक्यात एक वाद घोळतोय, तो आज इथे उतरवून मोकळा होतो.

झालं असं, की परवा कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. मूळचा वसईचा, आता पनवेलला असतो. तिथल्या त्यांच्या चर्चच्या कमिटीवर आहे. म्हणाला, "तू कारखान्याच्या जाहिराती फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर टाकतोस ना, तशी आमच्या चर्चची पण टाकून दे. नाताळसाठी दहा हजार बाजूला काढलेत. नवीन माणसं यायला पाहिजेत रे."

मी नाही म्हटलं. तो चिडला. "म्हणजे तुमचा गणपती विकलेला चालतो, आणि आम्ही नुसतं 'या' म्हटलं तर चालत नाही?"

प्रश्न बोचला. दोन दिवस विचार केला, तरी उत्तर बदललं नाही. मूर्तीची जाहिरात करावी, देवाच्या घराची पैसे देऊन करू नये. चर्चची नको, देवळाचीही नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर भलताच अर्थ निघेल. ख्रिस्ती लोकांनी आपल्या धर्माबद्दल बोलू नये, असं मला म्हणायचं नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचाही हक्क दिलाय, आणि तो त्यांना आहे तसा मलाही आहे. माझं भांडण प्रसाराशी नाही, त्या यंत्राशी आहे. ते यंत्र मी रोज वापरतो, म्हणून बोलतोय.

ते चालतं कसं? नकाशावर एक टाचणी लावायची. भोवती किती किलोमीटर ते सांगायचं. वय सांगायचं, आवडीनिवडी सांगायच्या, रोजचा खर्च ठरवायचा. पूर्वी धर्माशी संबंधित आवडीनिवडीही निवडता यायच्या. गैरवापर होऊ शकतो म्हणून मेटाने जानेवारी २०२२ पासून ते पर्याय काढून टाकले. पण म्हणून यंत्र आंधळं झालं असं नाही. सुरुवातीला कोण बटण दाबतं ते बघून, तशाच आणखी माणसांना ते तुमची जाहिरात दाखवत जातं. आता चर्चच्या जाहिरातीवर बटण कोण दाबणार? एक तर जो आधीच कुठल्यातरी चर्चला जातो तो. म्हणजे शेजारच्या चर्चची माणसं तुमच्याकडे, तुमची तिसरीकडे. नवीन कुणीच नाही. नाहीतर रात्री दोन वाजता झोप न लागलेला, घरात आजारपण असलेला, एकटा पडलेला माणूस. दुःखी माणसाने देवाच्या दारी यावं हे बरोबरच आहे. पण तो दुःखी आहे हे हेरून, त्याच्या नकळत, त्याला गाठायचं? मला ते पटत नाही.

मित्राचा दुसरा मुद्दा मात्र जोरकस होता. म्हणाला, "अमेरिकन मिशनने नगरहून १८४२ साली 'ज्ञानोदय' काढला. तेव्हा छापखाना नवा होता, आज हे नवं आहे. फरक काय?"

फरक आहे. 'ज्ञानोदय' ज्याच्या हातात पडेल त्याला सारखाच दिसायचा. पटला नाही तर उत्तर देता यायचं, आणि लोकांनी दिलीही. आजची जाहिरात मला वेगळी दिसते आणि शेजाऱ्याला दिसतही नाही. जे सगळ्यांसमोर म्हटलं जात नाही त्याबद्दल संशय वाढतो. आणि आपल्याकडे चर्चबद्दल संशय घ्यायला लोक टपलेले असतात, हे मी सांगायला नको. अनोळखी माणसाच्या फोनवर 'प्रायोजित' शब्दाखाली चर्चचं आमंत्रण गेलं, की खाली काय काय लिहिलं जाईल याची कल्पना करा. त्या शिव्या खाण्यासाठी पैसेही तुम्हीच भरायचे!

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं उदाहरण मी त्याला दिलं, त्याच्याच वसईचं. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. वसईच्या पाण्यासाठी, हिरवाईसाठी हरित वसईच्या लढ्यात ते उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींनी विरोध केला होता. पण माझ्यासारख्या कितीतरी मराठी माणसांना चर्च म्हणजे काय हे थोडंफार कळलं ते त्यांच्या लिहिण्याबोलण्यातून. ते लिहायचे, आम्ही वाचायचो. कुणी कुणाला हेरलेलं नव्हतं.

आमच्या रायगडातलं कोर्लई बघा. पोर्तुगीज १७४० मध्ये किल्ला सोडून गेले. राजा गेला, सैन्य गेलं, पण गावात चर्च आहे, आणि जुन्या पोर्तुगीजातून आलेली त्यांची बोली अजून घराघरांत आहे. इतक्या वर्षांत कुणी बूस्ट केलं होतं? आईने मुलाचा हात धरून नेलं, एवढंच. पेणमधले बेने इस्रायलीही तसेच. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. एक दिवस काम बंद ठेवलं, तेवढ्यावरून हे कुणाला मानतात ते सगळ्या कोकणाला कळलं.

आता माझ्या धंद्याबद्दल. आमच्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक गिऱ्हाईक. जाहिरात बघून विचारतं, "दीड फुटाची केवढ्याला? शाडू की पीओपी?" त्यात गैर काही नाही, वस्तू आहे, किंमत आहे. गेल्या वर्षी महिनाभर जाहिरात चालवली. दीडशेच्या वर चौकशा, ऑर्डरी अकरा, आणि यंदा त्यातले परत आले दोन.

दुसरे पाटवाले. आसपासच्या गावांतली काही घरं आजोबांच्या काळापासून आपला पाट आमच्याकडे आणून देतात. त्याच पाटावर त्यांचा गणपती बसतो. २०२५ च्या सुरुवातीला पीओपीवरच्या बंदीने सगळ्या पट्ट्याचा जीव टांगणीला लागला होता. जूनमध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला परवानगी दिली, तोवर रात्ररात्र झोप नव्हती. तेव्हा चौकशीवाले गप्प झाले. "काय रे, कसं चाललंय तुमचं?" म्हणून फोन आले ते पाटवाल्यांचे.

जाहिरात गिऱ्हाईक आणते, पाट आणत नाही. कारखान्याला गिऱ्हाइकावर भागतं. देवाच्या घराला भागत नाही.

मग चर्चने गप्प बसावं का? मुळीच नाही. पनवेलला रोज नवीन इमारती उभ्या राहतायत, कुठून कुठून माणसं येतायत, त्यांना चर्च कुठे आहे हे कळायलाच हवं. नकाशावर ठिकाण आणि प्रार्थनेच्या वेळा मराठीत टाका, त्याला पैसा लागत नाही. रस्त्यावर नीट पाटी लावा. असा फोन नंबर द्या जो कुणीतरी उचलेल. आणि दारात एक माणूस उभा करा, जो नवीन चेहरा दिसला की नाव विचारेल, आणि पुढच्या रविवारी ते नाव लक्षात ठेवेल. दहा हजार उरले तर प्रार्थनेनंतर चहा ठेवा. पनवेलमध्ये एकट्या पडलेल्या माणसाला चहा पाजून चार शब्द बोलणारं कोण आहे हो?

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाहिरात दोन मिनिटांत होते रे. दारात उभा राहणारा माणूस कुठून आणू?"

खरी अडचण हीच आहे, आणि ती आपल्याकडेही आहे. आमच्या चुलतभावाने मागे सुचवलं होतं, की उत्सवाच्या वर्गणीतून देवळाचं पेज बूस्ट करू. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो: गेल्या उत्सवात आरतीला आपल्या दोन घरांतून मिळून किती जण होते ते आठव. मी स्वतः नव्हतो, पेंटचे डबे आणायला पेणला गेलो होतो. जाहिरात देऊन लोक बोलवायचे आणि दारात आपणच नाही!

मित्राला म्हटलंय, नाताळला मी येतो. जाहिरात करणार नाही, पण चहाचे कप धुवायला उभा राहीन. बघू, दारात तो उभा असतो का :-)